क्ष-किरण, सोन्याचे कण आणि कर्करोगाची गाठ

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ च्या डिसेंबरात आपल्या पत्नीच्या हाताचे घेतलेले क्ष-किरण छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या पुस्तकात पाहिले असेल. त्यात मांस जवळजवळ दिसत नाही, हाडे स्पष्ट दिसतात आणि सर्वांत गडद छाया पडली आहे ती बोटातल्या अंगठीची. हे चित्र वर्गात दाखवताना आपण सांगतो, की क्ष-किरण मांसातून आरपार जातात, हाडांत काही अडतात आणि धातूत बहुतेक सगळे अडतात. एखादी चौकस मुलगी यावर विचारील, "अडतात म्हणजे पुढे त्यांचे काय होते?" प्रश्न अगदी रास्त आहे. क्ष-किरण म्हणजे ऊर्जा. ती अंगठीत शिरली आणि बाहेर पडली नाही, तर गेली कुठे?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, की कर्करोगाच्या उपचारांत गेली वीस-पंचवीस वर्षे चाललेली एक धडपड समजून घेणे सोपे जाते. सोन्याचे किंवा त्यासारख्या जड मूलद्रव्याचे अतिसूक्ष्म कण गाठीत नेऊन ठेवायचे आणि मग गाठीवर क्ष-किरण सोडायचे, अशी ही कल्पना आहे. अब्जांश तंत्रज्ञान, म्हणजे ज्याला सगळे नॅनोटेक्नॉलॉजी म्हणतात, त्याच्या उपयोगांच्या यादीत ती हमखास असते. 'सोन्याने कॅन्सर बरा' अशा थाटाचे मथळेही अधूनमधून वाचायला मिळतात. मथळा खरा नाही. पण मागची कल्पना थापही नाही. तिच्यात किती तथ्य आहे आणि ती कुठे अडते, हे दहावी-बारावीचे भौतिकशास्त्र येणाऱ्या कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन बरेचसे ताडून पाहता येते. ते आपण या लेखात करू या.

किरणांनी पेशी मरते कशी?

किरणोपचाराला आपल्याकडे लोक 'शेक देणे' किंवा 'लाईट घेणे' म्हणतात. त्यामुळे गाठ भाजून काढत असावेत असा समज होतो. तो खरा नाही, हे एका साध्या हिशेबाने दाखवता येते. शरीरात शोषलेल्या प्रारणाची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलोग्रॅम वस्तुमानात एक जूल ऊर्जा शोषली गेली, की ती मात्रा एक ग्रे झाली. सगळ्या शरीराला एकदम ४ ग्रे मात्रा मिळाली आणि वैद्यकीय मदत मिळाली नाही, तर अशा माणसांपैकी सुमारे निम्मी माणसे काही आठवड्यांत दगावतात. आता ७० किलो वजनाच्या माणसात ४ ग्रे म्हणजे किती ऊर्जा? केवळ २८० जूल! तिने शरीराचे तापमान एका अंशाचा सुमारे हजारावा भाग वाढेल. चमचाभर गरम चहातून आपल्याला याहून जास्त उष्णता मिळते.

म्हणजे प्रश्न ऊर्जा किती यापेक्षा ती कशी आणि कुठे पडते याचा आहे. चहाची उष्णता सगळ्या रेणूंत थोडी थोडी वाटली जाते. क्ष-किरणाची ऊर्जा मात्र मोजक्या इलेक्ट्रॉनांना मिळते. ते अणूतून वेगाने बाहेर फेकले जातात आणि वाटेतल्या रेणूंचे आयनीभवन करत जातात. असा इलेक्ट्रॉन कधी डीएनएच्या रेणूवर थेट आदळतो. त्याहून जास्त वेळा तो पाण्याचा रेणू फोडतो, कारण पेशीत पाणीच जास्त. त्यातून तयार होणारा हायड्रॉक्सिल मूलक हा अतिशय क्रियाशील तुकडा जवळपास डीएनए असेल तर त्याला इजा करतो. क्ष-किरणांनी होणाऱ्या डीएनएच्या इजेपैकी सुमारे दोन तृतीयांश या मूलकामुळे होते. तो फार दूर जाऊ शकत नाही; काही नॅनोमीटर अंतरातच त्याची अभिक्रिया होऊन जाते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणजे अंतरे किती लहान आहेत याची कल्पना येईल.

एक ग्रे मात्रेत एका पेशीच्या डीएनएमध्ये साधारण हजार ठिकाणी एक धागा तुटतो आणि चाळीसेक ठिकाणी दोन्ही धागे तुटतात. एक धागा तुटला तर दुसऱ्याच्या नमुन्यावरून पेशी तो सांधते. दोन्ही धागे जवळजवळ तुटले तर सांधायला नमुनाच उरत नाही. दुरुस्ती चुकते आणि पुढच्या विभाजनांत पेशी मरते. पेशी मारायची तर एकाच जागी दाट इजा व्हायला हवी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पूर्ण उपचारात गाठीला बहुधा रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवड्यांत ६० ते ७० ग्रे दिले जातात. मात्रा आणखी वाढवली तर अधिक गाठी नष्ट होतील हे डॉक्टरांना माहीत असते. पण किरण गाठीपर्यंत निरोगी भागातून जातात आणि गाठ ओलांडून निरोगी भागात शिरतात. अनेक दिशांनी किरण सोडून ही इजा विभागता येते, पुसून टाकता येत नाही. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाच्या रुग्णाचे उदाहरण घ्या. आपल्याकडे तंबाखूमुळे हे रुग्ण फार. गाठीशेजारीच लाळग्रंथी असतात, मागे मज्जारज्जू असतो. लाळग्रंथींना जास्त मात्रा मिळाली तर रोग बरा झाल्यावरही तोंड कोरडे राहते, कोरडी भाकरी गिळता येत नाही. मज्जारज्जूला इजा झाली तर पक्षाघाताची भीती. त्यामुळे गाठीला किती मात्रा द्यायची हे गाठीवर ठरत नाही, शेजाऱ्यांवर ठरते. बाहेरून तेवढेच किरण सोडून केवळ गाठीतच त्यांचा परिणाम वाढवता आला तर? सोन्याचे काम इथे सुरू होते.

जड अणू काय करतो?

कमी ऊर्जेचे क्ष-किरण अणूत अडतात ते मुख्यतः प्रकाशविद्युत परिणामाने. किरणाची सगळी ऊर्जा अणूच्या आतल्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन घेतो आणि बाहेर पडतो. समान वजनाचे दोन पदार्थ घेतले, तर ही घटना घडण्याची शक्यता ढोबळ मानाने अणुक्रमांकाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि किरणाच्या ऊर्जेच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. मऊ उतींचा सरासरी परिणामकारक अणुक्रमांक सुमारे ७.४ धरतात, सोन्याचा ७९. भागाकार करून घन करा: उत्तर बाराशेच्या आसपास येते. प्रत्यक्षात फरक इतका नसतो, कारण उतींमध्ये ऊर्जा शोषण्याच्या इतर तऱ्हाही असतात आणि घनाचा नियम सोन्याच्या कक्षांच्या ऊर्जेपाशी मोडतो. तरीही ४० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टच्या सुमारास एक ग्रॅम सोने एक ग्रॅम मांसापेक्षा शंभरपटीहून जास्त ऊर्जा शोषते.

आतली कक्षा रिकामी झाली की वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन तिथे उतरतो. सुटलेली ऊर्जा कधी क्ष-किरण होऊन जाते, तर कधी त्याच अणूतल्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला मिळून तोही बाहेर पडतो. हे लिझे माइटनर यांनी १९२२ मध्ये आणि पिएर ओझे यांनी १९२३ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले; नाव मात्र बराच काळ एकट्या ओझे यांचे चालत आले. जड अणूत कक्षा अनेक, त्यामुळे एकामागून एक असे अनेक ओझे इलेक्ट्रॉन निघू शकतात. त्यांतल्या बहुतेकांची ऊर्जा कमी असते आणि ती ते अगदी जवळ, काही नॅनोमीटर ते काही शेकडा नॅनोमीटर अंतरात खर्च करतात. म्हणजे इजा दाट!

अंगठीत गेलेल्या ऊर्जेचे उत्तर हे असे आहे. अंगठी जाड असते, म्हणून हे इलेक्ट्रॉन तिच्यातच थांबतात आणि ऊर्जा शेवटी उष्णता होते. फक्त पृष्ठभागाजवळचे काही बाहेर पडतात. ते बाहेर पडतात याचा पुरावा किरणोपचार केंद्रांत जुना आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या उपचारात दातातल्या धातूच्या भरणाला टेकलेली गालाची किंवा जिभेची त्वचा शेजारच्या त्वचेपेक्षा जास्त सोलवटते. उपाय सोपा आहे: दात आणि गाल यांच्यामध्ये काही मिलिमीटर जाडीचा मऊ पदार्थ ठेवतात, इलेक्ट्रॉन त्यात थांबतात. हा त्रासच गाठीत मुद्दाम निर्माण करायचा, असे म्हटले तर सोन्याच्या कणांची कल्पना एका ओळीत सांगून होते.

इतके लहान कण कशासाठी?

सोन्याचा एक ग्रॅमचा गोळा करा. त्याची त्रिज्या सुमारे २.३ मिलिमीटर भरेल आणि पृष्ठफळ एक चौरस सेंटिमीटरही भरणार नाही. त्याच एक ग्रॅमचे ५० नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर एकूण पृष्ठफळ सुमारे ६ चौरस मीटर होते, म्हणजे लहानशा खोलीच्या फरशीएवढे. घनता १९.३ घेऊन नववी-दहावीच्या मुलांकडून हे गणित जरूर करून घ्या. पृष्ठफळ आणि घनफळ यांचे नाते त्यांना एरवी इतके जिवंत भेटत नाही. गोळ्यातले बहुतेक सोने आत दडलेले असते, तिथून इलेक्ट्रॉन बाहेर येऊच शकत नाही. कणातले जवळजवळ सगळे सोने पृष्ठभागाजवळ असते. शिवाय इतका लहान कण रक्तवाहिनीतून वाहू शकतो आणि पेशी तो गिळू शकते. एका पेशीचा व्यास दहा-वीस हजार नॅनोमीटर असतो, तेव्हा तिच्यात असे हजारो कण सहज मावतात.

असे कण बनवणे नवे नाही. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याचे माणकासारखे लाल द्रावण करून त्याचा रंग सूक्ष्म कणांमुळे येतो असे सांगितले होते. इथे सुवर्णभस्माचा विषय निघतोच, म्हणून एक खुलासा. भस्मातही सोन्याचे बारीक कण असतात, पण तेवढ्याने ते हा उपचार होत नाही. इथे कणांचा आकार, त्यांवरचा लेप, गाठीतले त्यांचे प्रमाण आणि किरणांची वेळ यांचा हिशेब जुळावा लागतो. तोंडावाटे घेतलेल्या कोणत्याही सोन्याने हा हिशेब जुळत नाही.

उंदरांवरचा प्रयोग

२००४ मध्ये अमेरिकेतील जेम्स हेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या विषयाला खरी चालना दिली. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी वाढवलेल्या उंदरांच्या शिरेत त्यांनी १.९ नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण सोडले आणि लगेच गाठींवर क्ष-किरण सोडले. त्यासाठी वापरलेले यंत्र २५० किलोव्होल्टचे होते. केवळ क्ष-किरण मिळालेल्या उंदरांपैकी एक वर्षाने २० टक्के जिवंत होते. सोने आणि क्ष-किरण दोन्ही मिळालेल्यांपैकी ८६ टक्के. नुसते सोने मिळालेला एकही वाचला नाही. हा शेवटचा आकडा मथळ्यांत कधी येत नाही, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सोने हे इथे औषध नाही. किरणांवाचून ते काही करत नाही.

आता त्यातली मेख पाहा. उंदराच्या दर किलो वजनामागे २.७ ग्रॅमपर्यंत सोने दिले होते. साठ किलोच्या माणसासाठी हेच प्रमाण लावले तर १६२ ग्रॅम, म्हणजे सोळा तोळ्यांहून अधिक. किंमत हा भाग सोडून द्या. इतका धातू रक्तात सोडणे कोणत्या डॉक्टरला मान्य होईल? या मार्गाने गाठीत दर ग्रॅममागे सुमारे ७ मिलिग्रॅम सोने पोचले. म्हणजे पाऊण टक्क्याहूनही थोडे कमी.

पाऊण टक्का पुरेसा आहे का? समजा, सोने मांसाच्या शंभरपट ऊर्जा शोषते आणि गाठीत एक टक्का सोने आहे. गाठीतले मांस १ एकक ऊर्जा शोषील, तेव्हा सोने शतांश गुणिले शंभर, म्हणजे आणखी १ एकक. मात्रा दुप्पट झाली! उंदरांत जे घडले त्याचे ढोबळ स्पष्टीकरण एवढ्यात होते.

सोन्याला एक हवे, रुग्णाला दुसरेच

मग हा उपचार सरसकट का सुरू झाला नाही? पहिले कारण भौतिकशास्त्रातच आहे. सोन्याचा शंभरपटीचा फायदा मिळतो तो कमी ऊर्जेच्या किरणांना. चाळीस किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टचे किरण पाण्यात किंवा मांसात सुमारे २.६ सेंटिमीटर गेले की निम्मे होतात. दहा सेंटिमीटर खोलीवर, विखुरलेले किरण सोडले तर, शंभरातले सातच पोचतील. उंदीर स्वतःच दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा, त्याला हे चालते. माणसाच्या पोटातल्या गाठीसाठी अशा किरणांनी वरची कातडी जळेल आणि गाठ तशीच राहील. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या क्ष-किरण यंत्रांची हीच तक्रार होती. म्हणूनच १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० ची यंत्रे उपचारासाठी आल्यावर जगभर त्यांचे स्वागत झाले. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले भाभाट्रॉन हे यंत्रही कोबाल्टवरच चालते. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा सरासरी १.२५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि ते निम्मे व्हायला ११ सेंटिमीटर लागतात. आजच्या रेषीय त्वरकांचे किरण आणखी खोल जातात.

पण या ऊर्जेला प्रकाशविद्युत परिणाम नगण्य होतो आणि दुसरा, कॉम्प्टन परिणाम वरचढ ठरतो. त्याला अणुक्रमांकाशी फारसे देणेघेणे नाही. तिथे एक ग्रॅम सोने आणि एक ग्रॅम मांस जवळजवळ सारखीच ऊर्जा शोषतात. मघाचे गणित पुन्हा करा: एक टक्का सोन्याने मात्रा दुप्पट होण्याऐवजी एक-दोन टक्क्यांनी वाढेल. २००५ मध्ये संगणकावर केलेल्या सविस्तर हिशेबातही, गाठीत किती सोने आहे त्याप्रमाणे, वाढ एक ते सात टक्के एवढीच निघाली.

यातून एक वाट दिसते ती स्रोतच गाठीत ठेवण्याची. आयोडीन-१२५ सारख्या मूलद्रव्याच्या तांदळाएवढ्या 'बिया' गाठीत किंवा गाठीला लागून बसवतात. डोळ्यातल्या गाठींसाठी अशा बिया भाभा अणुसंशोधन केंद्रानेही तयार केल्या आहेत. त्यांचे किरण सरासरी २८ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टचे, सोन्याला अगदी सोयीचे. मात्र गर्भाशयमुखाच्या कर्करोगात जे इरिडियम-१९२ आत ठेवतात, त्याची सरासरी ऊर्जा सुमारे ३८० आहे. तिथे सोन्याचा फायदा काही पटींवर येतो.

हिशेबात न बसणारी गोष्ट

इथे हा विषय संपला असता. पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर सोन्याचे कण घालून जास्त ऊर्जेचे किरण सोडले, तेव्हा अनेक प्रयोगांत पेशी त्या एक-दोन टक्क्यांच्या हिशेबाहून बऱ्याच जास्त मेल्या. असे का व्हावे?

एक कारण सरासरीत आहे. जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस झाला असे आकडे सांगतात, त्याच वेळी एखाद्या शेतात गारपिटीने द्राक्षे झोडपलेली असतात. गाठीची सरासरी मात्रा एक टक्का वाढली, तरी ज्या कणातून इलेक्ट्रॉन सुटले त्याच्याभोवती शंभरेक नॅनोमीटरच्या परिघात मात्रा प्रचंड असते. तिथे एखादा महत्त्वाचा रेणू असेल तर त्याची धडगत नाही. शिवाय मोठ्या ऊर्जेचे किरण शरीरात विखुरताना त्यांतून कमी ऊर्जेचे किरण निर्माण होतात आणि सोन्याला ते उपयोगी पडतात.

पण गारपीट किती शेतांत होते तेही पाहायला हवे. २० नॅनोमीटरचा एक कण घ्या. सोयीच्या ४० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टच्या किरणांची २ ग्रे मात्रा दिली, तरी त्या कणात एखादा किरण अडण्याची शक्यता माझ्या हिशेबाने अडीचशेत एक एवढीच येते. पेशीत दहा हजार कण असतील तर अशा चाळीस घटना होतील. मोठ्या ऊर्जेच्या किरणांत त्या फारच विरळ. आणखी एक अडचण अशी, की पेशी कण गिळते तेव्हा तो बहुधा लयकारिकेसारख्या पिशवीत अडकतो, केंद्रकात जात नाही. डीएनए तर केंद्रकात. दोहोंमध्ये अंतर हजारो नॅनोमीटरचे, आणि ओझे इलेक्ट्रॉनांची धाव फार तर काही शेकड्यांची. मग ही गारपीट डीएनएवर पडणार कशी?

म्हणून बऱ्याच संशोधकांचे लक्ष आता रसायनशास्त्राकडे आणि जीवशास्त्राकडे वळले आहे. कणाच्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंपासून जास्त मूलक तयार होत असावेत, तंतुकणिकांना इजा होत असावी, पेशीची डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा मंदावत असावी, अशी कारणे प्रयोगांतून पुढे आली आहेत. प्रत्येकाला थोडाफार आधार आहे, पण कणाचा आकार, लेप किंवा पेशीचा प्रकार बदलला की निष्कर्ष बदलतो. माझे मत विचाराल, तर 'जड अणू म्हणजे जास्त मात्रा' हे पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण कमी ऊर्जेच्या किरणांपुरते भक्कम आहे आणि रुग्णालयातल्या यंत्रांच्या बाबतीत अपुरे आहे.

गाठीपर्यंत पोचायचे कसे?

दुसरी मोठी अडचण वाहतुकीची. जपानमधील कुमामोतो येथील यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवले, की घाईने वाढणाऱ्या गाठीतल्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात आणि तिथली निचऱ्याची व्यवस्था कच्ची असते. त्यामुळे मोठे रेणू गाठीत झिरपतात आणि तिथेच रेंगाळतात. नॅनोकणांनीही आपोआप गाठीत साठावे, अशी आशा यावरून बांधली गेली. २०१६ मध्ये कॅनडातील टोरांटो येथील एका गटाने आधीच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचे आकडे एकत्र केले. शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीत किती पोचले? मध्यक निघाला ०.७ टक्के. हजारातले सात! हे प्रयोग प्राण्यांवरचे होते. बाकीचे कण मुख्यतः यकृतात आणि प्लीहेत जातात, कारण रक्तातला कचरा वेचणाऱ्या पेशी तिथे असतात आणि त्या आपले काम चोख करतात. अगदी लहान, पाच-सहा नॅनोमीटरहून कमी व्यासाचे कण मूत्रपिंडातून बाहेर पडतात. मोठे सोन्याचे कण यकृतात महिनोन् महिने राहू शकतात.

फ्रान्समधल्या नॅनोबायोटिक्स या कंपनीने शिरेचा नादच सोडला. त्यांनी हॅफ्नियम ऑक्साइडचे सुमारे ५० नॅनोमीटरचे कण घेतले. हॅफ्नियमचा अणुक्रमांक ७२. हे कण सुईने थेट गाठीत टोचायचे, एकदाच. हातापायांच्या आणि धडाच्या मऊ उतींत होणाऱ्या सार्कोमा या कर्करोगाच्या १८० रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. टोचलेल्या द्रावणाच्या प्रमाणावरून हिशेब केला, तर गाठीच्या दर ग्रॅममागे सुमारे ५ मिलिग्रॅम कण पडतात, म्हणजे उंदरांच्या प्रयोगातल्या आकड्याच्या आसपास. आणि तेही सगळ्या शरीरात सोळा तोळे न सोडता. दोन्ही गटांना २५ हप्त्यांत ५० ग्रे मात्रा मिळाली आणि नंतर शस्त्रक्रियेने गाठ काढून तपासली. गाठीतल्या जवळजवळ सर्व पेशी मेलेल्या आढळल्या त्या नुसत्या किरणोपचारात ८ टक्के रुग्णांत आणि कण दिलेल्या गटात १६ टक्के रुग्णांत. काही जणांचा रक्तदाब टोचल्यावर तात्पुरता उतरला. युरोपात या कणांना त्याच वर्षी परवानगी मिळाली.

'प्रमाण दुप्पट' असेही याचे वर्णन करता येईल आणि 'शंभरातल्या चौऱ्याऐंशी जणांत तेवढा परिणाम झाला नाही' असेही. दोन्ही वाक्ये खरी आहेत. शिवाय गाठीत किती पेशी मेल्या आणि रुग्ण किती वर्षे जगला, या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. तरीही पेशी आणि उंदीर यांच्यापलीकडे जाऊन माणसांच्या एवढ्या मोठ्या चाचणीत फरक दिसला, हे मी महत्त्वाचे मानतो. सुई जिथे पोचते तिथेच हा उपाय चालतो, ही त्याची मर्यादा उघड आहे. मेंदूत ठिकठिकाणी पसरलेल्या दहा गाठींत सुई कशी टोचणार?

अशा रुग्णांसाठी फ्रान्समध्येच ग्रेनोबल येथे २०१६ मध्ये वेगळे कण वापरून पाहायला सुरुवात झाली. हे कण गॅडोलिनियमचे, अणुक्रमांक ६४, व्यास पाच नॅनोमीटरच्या आत. ते शिरेतून देतात आणि जास्तीचे मूत्रपिंडातून निघून जातात. मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या १५ रुग्णांवरची ती पहिल्या टप्प्याची चाचणी होती, म्हणजे सुरक्षित मात्रा ठरवण्यापुरती. गॅडोलिनियम एमआरआयच्या चित्रात उजळ दिसते. त्यामुळे कण कोणत्या गाठीत पोचले आणि साधारण किती, हे किरण सोडण्याआधीच पडद्यावर पाहता आले.

हॅफ्नियमच्या कणांची पुढची, तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली. ती डोके आणि मान या भागांतल्या कर्करोगाच्या अशा वयस्कर रुग्णांसाठी आहे, ज्यांना नेहमीचे प्लॅटिनमयुक्त औषध झेपत नाही. किती पेशी मेल्या हे मोजून ती थांबत नाही. रोग पुन्हा न वाढता रुग्ण किती काळ राहतो, ही तिच्यातली मुख्य मोजणी आहे.